पडशीतले धोतर

मरणाविषयी मला लहानपणापासून भयापेक्षा कुतूहलच अधिक वाटत आले आहे. कोणाच्या घरी कोणी गेले की माझे लक्ष रडणाऱ्यांपेक्षा न रडणाऱ्यांकडे जाई. वडील गेले तेव्हा मात्र अस्थी सावडताना माझे हात थरथरत राहिले आणि पुढे कित्येक महिने मन थाऱ्यावर आले नाही. त्या ज्येष्ठात मी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी निघालो.

ही वाट समाधीपासून समाधीपर्यंत जाते. १२९६ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी ज्ञानेश्वरांनी जिथे समाधी घेतली तिथून ती निघते, दिवेघाट चढून गेल्यावर सासवडला त्यांच्या धाकट्या भावाची, सोपानदेवांची समाधी लागते आणि शेवटी महाद्वारी नामदेवांची पायरी येते.

लोणंदच्या मुक्कामी पाऊस झाला. आमच्या दिंडीतले एक वृद्ध टाळकरी भिजलेली पडशी उपसत होते. आतल्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडलेले पांढरे धोतर, बुक्क्याची पुडी आणि चंद्रभागेच्या पाण्याची लहानशी बाटली होती. "बाबा, हे कशासाठी?" असे मी विचारले. "वाटेत देह पडला तर तुम्हां लोकांची धावाधाव नको, माउली," असे म्हणून त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा घट्ट मारली आणि वहाणेचा तुटलेला अंगठा शिवायला माझ्याकडे दाभण मागितले. दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले, तेव्हा तेच बाबा फुगडी घालत होते. इतक्या निर्भेळ आनंदात मी माझ्या वडिलांना कधी पाहिले नव्हते, हे तिथे एकदम जाणवले आणि मी रडलो.

पंढरीत मी सर्वाधिक वेळ थांबलो तो चोखोबांच्या समाधीपाशी. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून त्याखाली चोखोबा गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवांनी त्यांच्या म्हणून वेचून आणल्या, असे वारकरी परंपरा सांगते. ती कथा मला ठाऊक होती, पण मित्राची हाडे कानाशी धरून बसलेले नामदेव मला त्या दिवशी प्रथमच दिसले, आणि वडिलांच्या अस्थींची ऊब माझ्या तळहातांना पुन्हा जाणवली. या वेळी हात थरथरले नाहीत.

निरोप घ्यायला वाळवंटात गेलो तेव्हा बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. "देह राहिला तर पुढच्या आषाढीला," ते म्हणाले. मग त्यांनी बाटलीतले गेल्या वर्षीचे पाणी नदीत ओतले आणि ती पुन्हा काठोकाठ भरून घेतली.