थंडीतला घाम

सातारा-कोल्हापूरकडच्या गावात पारावर दोन-तीन निवृत्त फौजी बसले की विषय कधी ना कधी बर्फावर येतोच. लढाईचं विचारा, "होतं आपलं" म्हणून उडवून लावतील. पण गुलमर्गच्या जानेवारीचं नाव निघू द्या, माणूस मांडी बदलून बसतो आणि जॅकेटच्या चेनपासून सुरुवात करतो.

गुलमर्ग साधारण ८,७०० फुटांवर. १९४८च्या डिसेंबरात १९ इन्फंट्री डिव्हिजनची स्की-शाळा म्हणून तिथं जे सुरू झालं, तेच आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, उंच बर्फाळ मुलखात लढायला शिकवणारी फौजेची शाळा. हिवाळी कोर्स जानेवारीत सुरू होतो, म्हणजे बर्फ ऐन भरात असताना. तिथं पोचणारा आपला गणपत (मराठा पलटणीच्या जवानाला फौजेत प्रेमानं हेच म्हणतात) बेळगावच्या तांबड्या मातीत घडलेला. बर्फ त्यानं पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर.

पहिली चूक सगळ्यांची एकच. असेल नसेल ते अंगावर चढवायचं आणि फॉलइनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, ढोलासारखं उभं राहायचं. उस्ताद (शिकवणारा) ओरडतो, कोट काढा, पिट्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) घाला. नव्या माणसाला वाटतं, हा रगडाच आहे, म्हणजे शिक्षाच. पण चढणीला निघताना अंगाला थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पाठीवर पिट्ठू, पायात स्की. अर्ध्या तासात अंगातून इंजिनासारखी वाफ निघते. ज्यानं गुपचूप कोट अंगात ठेवला, त्याची बनियन चिंब. मग 'हॉल्ट' येतो, वारा सुटतो आणि त्या बनियनचा पाठीवर पापड होतो. बर्फात माणूस थंडीनं जितका फसतो, त्याहून जास्त स्वतःच्या घामानं फसतो. ओला कपडा ऊब धरत नाही, उलट अंगातली ओढून घेतो.

मोज्यांचंही तेच. एक जोड पायात, एक जोड बनियनच्या आत पोटाशी. पोटावर मोजे वाळतात हे खरं. ते वाळताना तंबूत काय दरवळतं, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. मुक्कामाला पोचल्यावर बडीनं (जोडीदारानं) बडीचे पाय बघायचे, नाक-गाल बघायचे. पांढरा डाग दिसला की ऊब द्यायची, चोळायचं मात्र नाही. गोठलेली कातडी चोळली तर आतल्या आत फाटते, आणि बर्फानं चोळणं तर महामूर्खपणा. त्यामुळे एरवी एकमेकांकडे ढुंकून न बघणारी दोन माणसं दर तासाला एकमेकांच्या नाकाकडे टक लावून बघताना दिसतात.

रात्रीची स्लीपिंग बॅग म्हणजे एक संसारच. उद्याचे मोजे आत, कारण बाहेर ठेवले तर सकाळी उभे राहतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बूट आत, नाहीतर पहाटे त्यांत पाय शिरत नाही. टॉर्चचे सेल आत, थंडीत त्यांचा जीव जातो. टूथपेस्ट आत, पाण्याची बाटली आत. उरलेल्या जागेत जवान. आणि बरोब्बर रात्री दोनला लघवी लागते. थंडीत हातापायांचं रक्त पोटाकडे सरकतं, मूत्रपिंडाला वाटतं पाणी जास्त झालं. मग चेन, कोट, बूट, आणखी तीन चेनी, आणि परत येईपर्यंत बॅगेतली सगळी ऊब पसार.

बाटली दिवसा उलटी ठेवायची, बूच खाली. बर्फ नेहमी वरच्या बाजूला धरतो. बाटली उलटी असली की तो बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. पाणी करायचं तेही बर्फातूनच. भांड्यात नुसता भुसभुशीत बर्फ टाकून स्टोव्ह पेटवला तर बूड करपतं आणि पाण्याला जळकट वास येतो. आधी दोन घोट पाणी, मग थोडा थोडा बर्फ. ताज्या बर्फाचे दहा मग भरून टाका, पाणी जेमतेम एक मग. चहा उकळतो लवकर, कारण त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि डाळ कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही. चहा स्टीलच्या मगात घेतला तर तो पाच मिनिटांत गार होतो. तो मग रिकामा झाला आणि ओला ओठ कडेला लागला, की कातडीचा तुकडा सरकारजमा.

बुखारी, म्हणजे तंबू गरम ठेवणारी रॉकेलची शेगडी, हे वेगळंच प्रकरण. रॉकेल थेंब-थेंब पडायला हवं. तोटी जास्त सोडली तर ती घुरघुरते आणि काजळी ओकते. कमी सोडली तर पहाटे तीनला विझते. सकाळी सगळ्यांच्या नाकाखाली काळ्या मिशा, ज्यांना मिशा नाहीत त्यांनाही. तंबूची खिडकी थोडी उघडी हवीच, आणि बुखारीजवळ एक जण जागा, कारण बंद तंबूत साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. या एका बाबतीत कुठलाच फौजी विनोद करत नाही.

घाम रायफललाही येतो. बाहेरची थंडगार रायफल उबदार तंबूत आणली की तिच्यावर दव धरतं, पुन्हा बाहेर नेली की ते आत गोठतं आणि बोल्ट हलत नाही. म्हणून ती पहाऱ्यात, पण थंडीतच झोपते. तेलही नावापुरतंच, जास्त झालं की घट्ट होतं.

संतरीचं मात्र ऐकावं. "थम! कौन आता है?" यातला 'म' दोन्ही ओठ मिटल्याशिवाय निघत नाही. बधिर ओठांनी 'थअ' होतं. परवलीच्या शब्दात प-फ-ब आलं तर ओळखीचा माणूसही क्षणभर शत्रू वाटतो.

स्कीइंगचा पहिला धडा पडायचा. कुशीवर, उताराच्या वरच्या अंगाला. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, मगच जोर लावायचा. हे विसरलेला माणूस उठता उठता बसल्या बसल्या खाली निघतो, आणि खाली उस्ताद हजेरी घ्यायला उभाच असतो.

एवढं सगळं भोगून आलेला हाच फौजी डिसेंबरात गावात पारा बारावर आला की सगळ्यांच्या आधी मफलर गुंडाळतो. विचारलं तर म्हणतो, "तिकडं कोट सरकारी हुता, काढला तरी चालायचं. हितं स्वेटर घरच्यांनी विनलाय, काढून सांगू कुनाला?"