मोबाईलबद्दल घरात नेमके कुणाशी बोलायचे?

अमेरिकन अभ्यासक लॉइड बिट्झर यांनी 1968 मध्ये असे मांडले की, परिणामकारक बोलणे एखाद्या प्रसंगातून जन्माला येते आणि त्या प्रसंगाला तीन अंगे असतात : शब्दांनी दूर होऊ शकेल अशी निकड, ती दूर करू शकणारा श्रोता आणि बोलण्यावर येणारी बंधने. सोलापुरातल्या आमच्या घरातील मोबाईलच्या व्यसनाकडे मी याच नजरेने पाहते.

निकड उघड आहे. रात्री ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढलेली असते, पण मुलाचा अंगठा रील सरकवत राहतो आणि सासूबाईंनी त्याला विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहतो. श्रोता मात्र आपण चुकीचा निवडतो. सारा उपदेश मुलाला होतो; वास्तविक जेवताना कामाच्या ग्रुपवरचे निरोप वाचणारे त्याचे वडीलच घराचा रिवाज बदलू शकतात, म्हणून बिट्झर यांच्या अर्थाने खरे श्रोते तेच ठरतात. बंधनेही आहेतच, कारण शाळेचा गृहपाठ त्याच फोनवर येतो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. मला यात सर्वांत मोलाचे हे वाटते की, भोंगा लहानथोर सगळ्यांसाठी वाजतो, त्यामुळे कुणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही. आमच्याकडे हा विषय मी आधी यजमानांकडेच काढणार आहे, आणि तोही जेवताना नव्हे, तर रविवारी सकाळच्या चहाला.