दसऱ्याला घासलेले सुरे

अचलपूर तालुक्यातल्या एका देशमुखांच्या वाड्यात वाटण्या चालल्या होत्या. पितळ, तांबं, कागदपत्रांच्या पेट्या यांची यादी झाली आणि माळ्यावरून एक लोखंडी ट्रंक खाली आली. आत फडक्यात गुंडाळलेले तीन शिकारी सुरे होते, सरळ पात्याचे, न मिटणारे. जुन्या हत्यारांची पारख आणि नोंद करणं हे माझं काम, म्हणून मला बोलावलं होतं. घरच्यांच्या मते निकाल आधीच लागलेला होता. एका सुऱ्यावर इंग्रजी नाव ठळक दिसत होतं आणि नागपूरचा एक व्यापारी फोनवर त्याचा भावही बोलून बसला होता.

"हा इंग्लंडचा हाय जी. ह्याचा भाव लिहा, बाकीचे दोन कोनीबी न्या," थोरले काका म्हणाले.

मी तिन्ही सुरे खिडकीजवळ पांढऱ्या धोतरावर मांडले. नाव सगळ्यात शेवटी वाचायचं, ही या कामातली माझी शिस्त आहे. नाव आधी वाचलं की डोळे पुढचं सगळं त्या नावाच्या बाजूने पाहायला लागतात. आधी पातं, मग मूठ, मग जोड, आणि मग बनवणाऱ्याच्या नावाचा ठसा. सामान फार लागत नाही: दहापट भिंग, जाडी मोजायचा व्हर्नियर, लोहचुंबक, 365 नॅनोमीटरचा यूव्ही, म्हणजे अतिनील उजेडाचा टॉर्च, कापूस, मशीनचं तेल आणि पातळ रबरी हातमोजे. घामाच्या बोटांचा ठसा पोलादावर गंज धरतो आणि मेच्या उन्हाळ्यात वऱ्हाडात हात कोरडे राहत नाहीत.

पहिलं माप पात्याच्या लांबीचं, गार्डपासून, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीपासून, टोकापर्यंत. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या गटात येतात. घरकाम आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तिन्ही पाती या मापाच्या आत होती. हे यादीत लिहून ठेवलं की पुढे कुणी विचारलं तर पुन्हा ट्रंक उघडावी लागत नाही.

तिसरा सुरा पाच मिनिटांत बाजूला गेला. पणजोबांचा म्हणून दाखवलेला, पण पात्यावर 'स्टेनलेस' कोरलेलं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने असं पोलाद 1913 मध्ये बनवलं, त्याआधी हा शब्द कुठल्याच पात्यावर येऊ शकत नाही. त्यात मुठीचे स्क्रू अधिकच्या चिन्हाचे, म्हणजे फिलिप्स पद्धतीचे. ते 1930 च्या दशकात आले. सुरा कामाचा, धारही चांगली. भाजी चिरायला घ्या म्हटलं.

आता पहिला, तो 'इंग्लंडचा'. मूठ सांबरशिंगाची, गार्ड पितळी, पातं आठ इंच, चकचकीत. पाठीची जाडी गार्डजवळ 2.4 मिलिमीटर भरली, मध्ये 2.2. इथेच मला थांबावं लागलं. शिकारी सुऱ्याला कातडी सोडवायची असते, सांध्यात टोक घालून पिळायचं असतं. त्या काळच्या चांगल्या सुऱ्याची पाठ गार्डजवळ 5 ते 6 मिलिमीटर असते आणि टोकाकडे ती हळूहळू उतरत जाते. सव्वादोन-अडीच मिलिमीटरचं लांब, अरुंद, लवचीक पातं हे जेवणाच्या टेबलावर भाजलेल्या मांसाचे काप काढायच्या सुरीचं असतं. अशा सुरीला मुठीजवळ पोलादाचाच एक गोल जाड कंगोरा असतो. इथे तो घासून काढल्याच्या खुणा भिंगाखाली दिसल्या आणि त्यावर नंतर पितळी गार्ड चढवला होता. गार्डचं भोक मोठं, पातं लहान, मधली फट काहीतरी भरून बुजवलेली. खोलीत अंधार करून टॉर्च मारला तर भरण निळसर पांढरं चमकलं. इपॉक्सी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हा चिकटपदार्थ बाजारात नव्हता.

ठसा मात्र खरा होता. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रॉस, वर मुकुट, दोन बाजूंना 'जी' आणि 'आर'. राजाची आद्याक्षरं काळ सांगतात. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया, 1837 ते 1901. 'जी आर' मात्र फसवं आहे. जॉर्ज चौथा 1830 मध्ये गेला आणि जॉर्ज पाचवा 1910 मध्ये गादीवर आला, त्यामुळे नुसत्या दोन अक्षरांवर ऐंशी वर्षांचा घोळ होऊ शकतो. तेव्हा देशाचं नाव शोधायचं. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर निर्यातीच्या पात्यांवर 'इंग्लंड' हा शब्द सर्रास दिसतो. इथे तो होता. म्हणजे 1910 नंतरची अस्सल शेफील्डची टेबलसुरी, आणि पुढे कुणीतरी तिचा केलेला शिकारी सुरा. नाव खरं, पातं खरं, पण ज्या वस्तूचा भाव ठरला होता ती वस्तू नव्हे. बाजारात फसवणूक बहुतेक अशीच असते. साफ खोटा ठसा मारण्यापेक्षा खऱ्या तुकड्यांची जुळणी करणं सोपं पडतं.

काकांनी व्यापाऱ्याला फोन लावायला घेतला. मी म्हटलं, थांबा, अजून एक राहिलाय.

दुसरा सुरा काळपट, म्यानात रुतलेला. म्यानाचं चामडं लाल भुकटी सोडत होतं आणि पितळी रिव्हेटभोवती हिरवा मेणचट थर आला होता. चामड्यातलं तेल आणि आम्ल पितळेवर काम करतं, तेव्हा हा थर येतो. तोच ओलावा पात्यालाही लागतो. सुरा ओढून काढायचा नाही. म्यान उभं धरून धारेकडची बाजू न दाबता, पाठीवर जोर ठेवून हलवत हलवत काढायचा. एकदा निघाला की परत आत घालायचा नाही. म्यान शेजारी ठेवायचं, टाकून मात्र द्यायचं नाही. शिलाई हाताची आणि सुताच्या दोऱ्याची. यूव्हीखाली दोरा मंदच राहिला. अलीकडचा पांढरा दोरा निळा पेटतो.

पातं सव्वाआठ इंच, रुंदी 35 मिलिमीटर. पाठ गार्डजवळ 6.2, मध्यावर 4.8, टोकाच्या एक इंच आधी 2.6. असा उतार सपाट पट्टीतून कापलेल्या नकली सुऱ्यात मिळत नाही, तिथे चार मिलिमीटर शेवटपर्यंत चारच राहतात. मूठ काळ्या शिंगाची, जाळीदार खाचांची, दोन ठिकाणी तडकलेली. जोडातून डोकावणारं भरण टॉर्चखाली नारिंगी दिसलं. ती लाख. मूठ कधी उघडलेली नाही, असा माझा तर्क झाला.

विचित्र वाटली ती झीज. पात्याच्या सगळ्या कडा गोल झालेल्या, पण धार जेमतेम खाल्लेली. वापरून झिजलेल्या सुऱ्यात उलटं होतं: पातं निमुळतं होत जातं आणि मुठीजवळचा बिनधारेचा भाग खाली उरलेला दिसतो. इथे ओरखडे पात्याच्या लांबीने गेलेले होते. फक्त गार्डच्या कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नाही, तिथे सहाणेच्या जुन्या आडव्या रेघा शिल्लक होत्या. त्याच कोपऱ्यात तेलकट लाल थर घट्ट बसलेला. कुंकू.

आजी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना विचारलं, दसऱ्याला पूजेत काय मांडायचे?

"हाच मांडेत आमचे मामंजी. तो चमकीचा कपाटात राहे, पाव्हन्याईले दाखवाले. ह्याले दरसाल चिंच अन् राख लावून घासत."

खंडेनवमीला घासलेलं हत्यार कसं दिसतं हे जिने वर्षानुवर्षं पाहिलंय तिची साक्ष आणि पात्याची झीज एकच गोष्ट सांगत होत्या. 'साहेबानं दिला' ही घरातली कथा मी यादीत वेगळ्या रकान्यात लिहिली. अशी कथा जवळजवळ प्रत्येक वाड्यात असते. ती लिहून ठेवावी, काळ मात्र तिच्यावरून ठरवू नये.

मग ठसा. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. मोबाइलचा टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून, आधी डावीकडून मग वरून फिरवला. उभ्या रेघा बाजूच्या उजेडात उठतात, आडव्या वरच्या. गार्डकडची अक्षरं शाबूत, पात्याकडची पुसट, म्हणजे घासणाऱ्या हाताच्या दिशेनेच. वरच्या ओळीचा शेवट 'आर, ए, जे', खाली तुटक 'ए, यू, आर, यू, एन, जी'. बोदराज, औरंगाबाद, आणि शहराचं स्पेलिंग त्या काळचं, मध्ये 'यू' असलेलं. भिंगाखाली गंजाचे खड्डे अक्षरांना कापून गेलेले दिसले. ठसा आधी, गंज नंतर. नंतर मारलेल्या ठशात अक्षर खड्ड्याला कापतं आणि त्याचा तळ उजळ राहतो. इथला तळ बाकी पात्याइतकाच काळा होता.

औरंगाबादचा बोदराज एकोणिसाव्या शतकात इंग्रज शिकाऱ्यांसाठी डुकराच्या शिकारीची भाल्याची पाती आणि सुरे घडवत असे. तसाच सेलमचा अरुणाचलम. 'देशी नाव म्हणजे बाजारू माल' हा व्यापाऱ्यांचा ठोकताळा या दोन नावांपुढे टिकत नाही. आणि देणंघेणं दोन्हीकडून होतं: लंडनच्या विल्किन्सन कंपनीने विकलेला 'शेक्सपियर' सुरा नागपूर इर्रेग्युलर फोर्समधल्या त्या आडनावाच्या अधिकाऱ्याच्या आराखड्याचा, नाटककाराशी त्याचा संबंध नाही. औरंगाबादचा सुरा अचलपुरात सापडण्यात नवल काही नाही. दोन्ही ठिकाणी हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेच्या, छावण्या होत्या आणि 1903 मध्ये ती फौज भारतीय सैन्यात विलीन होईपर्यंत माणसं इकडून तिकडे जात राहिली.

पुतण्याचा उत्साह वाढला. "काका, निंबू लावून पाहू का? लोखंडावर लहरी दिसते म्हनते."

लहरी असतीलही. निजामाच्या मुलखात, कोनसमुद्रमसारख्या गावांत, अशा लहरी उमटणारं उक्कू पोलाद होतच होतं. पण लिंबू सगळ्याच पोलादाला खातं, लहरी नसलेल्यालाही डाग देतं आणि पहिल्याच पावसात नारिंगी गंज येतो. ती तपासणी संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाने करायची, तीही एखाद्या लहानशा कोपऱ्यात. मी तेवढा ताजा लाल गंज काढला: तेलाचा थेंब, दहा मिनिटं थांबायचं, मग पितळेच्या पट्टीची कड तिरपी धरून हलकेच खरवडायचं. पितळ पोलादापेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. काळा-तपकिरी थर तसाच ठेवायचा, तो गेला की वस्तूचं वय गेलं. कुंकवाचा थर फोटो काढून एका बाजूचा सोडवला, कारण त्याखाली ओल धरून खड्डे पडत होते. दुसऱ्या बाजूचा ठेवला. पुढे पूजा करायची तर कुंकू खालच्या कापडाला लावा, पात्याला नको. खोबरेल आणि तिळाचं तेलही नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

ठेवायची जागा हा इकडे खरा प्रश्न आहे. मेमध्ये हवा पार सुकते, जुलैत भिंतीला ओल येते आणि मध्ये कूलर. शिंग आकसतं, फुगतं, तडकतं. पोलाद तसंच राहतं, म्हणून मूठ फाटते. कूलर नसलेल्या खोलीत, आतल्या भिंतीच्या लाकडी कपाटात, न रंगवलेल्या सुती कापडात ठेवा म्हटलं. प्लॅस्टिकची पिशवी नको, वर्तमानपत्रही नको.

पुण्याच्या चुलतभावाने फोनवर परदेशातल्या गिऱ्हाइकाचं नाव काढलं. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. दुसरा सुरा थोरल्या काकांनी आपल्या वाट्याला मागून घेतला.

पहिल्याचं प्रकरण त्या दिवशी मिटलं नाही. सांबरशिंग म्हटलं की वन्यजीव कायदा येतो. मालकीचा दाखला हातात असला तरी त्याखालची वस्तू विकता येत नाही, आणि इथे दाखलाच नव्हता. व्यापाऱ्याला तसं कळवलं. यादीत त्या सुऱ्यापुढे 'वनविभागाला विचारेपर्यंत कुणाच्याही वाट्यात नाही' असं लिहून तिन्ही भावांच्या सह्या घेतल्या.