राती वारा फिरतो
जानेवारीत अलिबागजवळच्या एका बंगल्याच्या मागच्या वाडीत पोपटी पार्टीचं डेकोरेशन केलं. माणसं तीस, थीम ‘ट्रॉपिकल’. मॅडमनी हवाईतल्या लुआउचे फोटो पाठवले होते. तिकडे खड्ड्यात तापलेल्या दगडांवर डुक्कर भाजतात, वर केळीची पानं. इकडे मडकं उलटं घालून वालाच्या शेंगा भाजतात. फार काही लांब नाही. पण वाडीत चौदा खरे माड उभे असताना त्यांना प्लॅस्टिकचे दोन हवे होते, कारण खरे “एकसारखे नाहीत”. मी वाद घातला नाही. भाड्याने आणले.

लोकांना वाटतं आम्ही फुलं लावतो. फुलं लावणं शेवटच्या दीड तासात होतं. त्याआधी सगळी हमाली, आणि माल कुठे किती गार ठेवायचा याचा हिशोब. आदल्या पहाटे दादरच्या फूलबाजारातून साठ दांड्या हेलिकोनिया, अँथुरियम आणि मॉन्स्टेराची पानं उचलली होती. गुलाबाला बर्फ मानवतो, हेलिकोनियाला अजिबात नाही. ते उष्ण प्रदेशातलं झाड, फार गारठलं की काळं पडतं. हे मी माझ्या पोऱ्याला शंभरदा सांगितलंय. त्याने रात्री सगळा माल बर्फाच्या पेटीत भरला, “ताजा राहील म्हणून”. रो-रो बोटीने टेम्पो मांडव्याला उतरला, कागद सोडला, तर चाळीस दांड्या उकळलेल्या चहाच्या रंगाच्या. अँथुरियमही तसेच. पोऱ्या चांगला आहे, पण ऐकण्यापेक्षा त्याचा काळजी घेण्यावर भर जास्त.

बंगल्याचे केअरटेकर दादा मागे उभे राहून बघत होते. हसले नाहीत. म्हणाले, “झाप विणून देऊ?” आणि हिरव्या झावळ्या उतरवल्या. झाप म्हणजे माडाच्या झावळीचा विणलेला पडदा. वाळलेली झावळी आधी भिजत घालावी लागते, हिरवी लगेच वळते. मधला दांडा उभा चिरून दोन शकलं, मग एक पाती वर, एक खाली. ते आणि वहिनी, दोघांनी अडीच तासांत नऊ झाप दिले. बोलत बोलत, हाताकडे न बघता. मी ते बॅकड्रॉपला बांधले आणि वाचलेल्या वीस दांड्या त्यावर विरळ खोवल्या. साठ असत्या तर मी गर्दी केली असती, हे मान्य करते.

मॅडमना पोपटीची आग आणि बॅकड्रॉप एकाच फोटोत हवे होते. साडेचारला मी क्रेपची पट्टी हातात धरून वारा बघितला. समुद्राकडून येत होता. म्हणून बॅकड्रॉप पश्चिमेला आणि आग त्याच्या पूर्वेला वीस फुटांवर ठरवली, म्हणजे धूर पलीकडे जाईल. दादा म्हणाले, “ताई, राती वारा फिरतो.” मी “हो हो” म्हणून शिडीवर चढले. दिवसा खारे वारे, रात्री मतलई. शाळेत यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते.

मडकी तीन. तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, ओवा, जाडं मीठ, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानेच बुजवून मडकं उलटं, भोवती गवत आणि सुक्या झावळ्या. पहिली दोन छान लागली. साडेआठच्या सुमारास वारा पडला, धूर सरळ उभा राहिला आणि मग हळूच आमच्याकडे झुकला. सुकी झावळी पेटली की ठिणग्या उडवते. झापांवर पडल्या त्या विझल्या. बारच्या टेबलाला लावलेल्या प्लॅस्टिकच्या गवताच्या झालरीवर एक पडली, आणि ते वितळून पेटते थेंब गळायला लागले. शेजारच्या प्लॅस्टिकच्या माडाचा शेंडा गेला. पाहुण्यांतले दोघे व्हिडिओ काढत होते.

दादांनी बॅकड्रॉपमागून पाण्याची बादली काढून ओतली. मग दुसरी. संध्याकाळीच भरून ठेवली होती त्यांनी, मला न सांगता. कुणाला काही झालं नाही. मग त्यांनी तिसऱ्या मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र वाजलं, आणि सगळे शेंगांकडे वळले.

जाताना मॅडम म्हणाल्या, “ते पॅनेल्स सुंदर होते हं. कुठून मागवलेस?”

“आमचा एक व्हेंडर आहे,” मी म्हणाले. दादा पाच फुटांवर राख ओढत होते.

त्यांना मी नऊ झापांचे पंधराशे दिले होते. त्यांनी मोजलेही नाहीत. बिल अजून गेलेलं नाही. सहाव्या ओळीत ‘पाम पॅनेल, हाताने विणलेले, 9 नग’ असं टाइप केलंय, पुढे दराचा रकाना रिकामा आहे. मुंबईत अशा एका पॅनेलचे मी बाराशे लावते. काल मॅडमचा मेसेज आला: जळलेल्या माडाचे पैसे कोण देणार?