खिशावरचा झेंडा

आज ७ डिसेंबर, सैन्याचा ध्वजदिन. सकाळी बायांना कापूस वेचायला लावून गावात आलो, तर ग्रामपंचायतीसमोर आमचे फौजी काकाजी उभे. हातात पत्र्याचा डबा आणि छोटे कागदी झेंडे. लाल, गडद निळा, फिकट निळा. भूदल, नौदल, हवाईदल. १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर होते ते. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी हा दिवस चुकवत नाहीत.

एका पोरानं विचारलं, "काकाजी, कोणती निवडणूक आहे जी?"

काकाजी रागावले नाहीत. त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं. १९४९ सालची गोष्ट. काश्मीरची लढाई त्याच वर्षी १ जानेवारीला थांबली होती. जायबंदी जवान, मागं राहिलेल्या बायका-लेकरं, निवृत्त झालेले शिपाई, यांचं पुढं काय? म्हणून त्या ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं ठरवलं, दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळायचा. झेंडा लावायचा, जमेल तेवढं द्यायचं.

सरकार पैसे देऊ शकतंच. पण डब्यात स्वतःच्या हातानं नोट टाकताना जवानाचं घर आपल्याला आठवतं, आणि मला तेच मोठं वाटतं. शाळेत असताना मीही झेंडा घेतला होता, अर्थ मात्र आज कळला.

दुपारी उरलेले झेंडे शेतात नेले. एका माउलीनं पदराची गाठ सोडून दहा रुपये दिले. "माहा नातू फौजेत, लेह-लडाखले आहे," म्हणाली, आणि झेंडा पदराला लावून परत वेचायला लागली.