आमची वाटचाल : हरवलेल्या काड्यांचा हिशेब

आमचं वर्कशॉप कुपवाड एमआयडीसीत आहे. धंदा मूळचा वडिलांचा, शाळांची बाकं, टेबलं आणि फळे करण्याचा. गणिताचं साहित्य त्यात आलं ते १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यावर. शाळेत काय काय असायला हवं याचा तक्ता कायद्याच्या परिशिष्टात आहे. अध्ययन-अध्यापनाचं साहित्य प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे द्यावं, अशी त्यात एक ओळ आहे. बाकांमध्ये तेव्हा मार्जिन उरलं नव्हतं, म्हणून त्या ओळीच्या भरवशावर आम्ही एक ड्रिल मशीन आणि दोन माणसं या कामाला लावली. देशाचं शिक्षण वगैरे डोक्यात नव्हतं, मार्चच्या ऑर्डरी होत्या.

वडिलांना ही लाइन पटली नव्हती. १९८७ च्या सरकारी खडू-फळा योजनेत आलेल्या साहित्याच्या पेट्या कितीतरी शाळांत कपाटावर धूळ खात पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. "माल जाईल रे, पण वापरलाच नाही तर दुसऱ्यांदा कोण घेणार?" असं ते म्हणायचे. प्रश्न रोकडा होता. त्याचं उत्तर सापडायला बरीच वर्षं गेली आणि ते सापडलं शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरात.

शाळेत आलेली टिकाऊ वस्तू या रजिस्टराला चढते. गुरुजींची बदली झाली की चार्ज देताना ती मोजून द्यावी लागते. पेटीत मणी शंभर लिहिलेले आणि भरले चौऱ्याण्णव, तर बाकीच्यांचा जाब त्यांनीच द्यायचा. असं असताना कोण शहाणा माणूस ती पेटी पहिलीच्या पोरांपुढे उघडेल? एका शाळेत बाईंनी आमचीच पेटी कपाटातून काढून दाखवली, वरचा प्लास्टिकचा कागदही न फाडलेली. "तुमचं काम छान असतं हो भाऊ, म्हणून जपून ठेवलीय," म्हणाल्या. शिक्षक साहित्य वापरत नाहीत, अशी तक्रार सभा-संमेलनांत मी पुष्कळ ऐकली आहे. ती करणाऱ्यांनी एकदा चार्ज देऊन बघावा.

त्यानंतर आम्ही पेटीच काढून टाकली. कापडी पिशवी आली, आणि बिलात काड्या, रबरबँड, मणी, अंककार्डं ही खर्ची पडणारं साहित्य म्हणून वेगळी दाखवायला लागलो. पिशवीवर छापलं, 'यातल्या वस्तू हरवणार, मोडणार. सुट्या मिळतात.' काही कार्यालयांत यावर आक्षेप आले, एका ठिकाणी बिल परतही आलं. पण शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच पिशवीचे फोटो फिरले आणि शाळांचे थेट फोन येऊ लागले. जाहिरातीवर आम्ही तोवर जो काही पैसा घातला होता, त्यातून एवढं कधी मिळालं नव्हतं.

काड्यांची गोष्टही सांगतो. आमचा दशकाचा दांडा अखंड लाकडाचा असायचा, दहा खाचा पाडलेला, पॉलिश केलेला, दिसायला देखणा. तिसरीतली एक मुलगी ४३ मधून १७ वजा करत होती. वहीत तिने उत्तर लिहिलं होतं ३४. तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन काढून मोकळी झाली होती. हे प्रत्येक शाळेत दिसतं. गुरुजींनी तिच्यापुढे आमचे चार दांडे आणि तीन सुटे ठेवले. सात सुटे काढ म्हटल्यावर ती थांबली. मग एक दांडा दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "गुरुजी, हा मोडू?" गणित तिला बरोबर कळलं होतं, फक्त आमचा दांडा मोडत नव्हता. गुरुजींनी टेबलाच्या खणातून तुरकाट्या काढल्या, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधलेल्या. तिने एका जुडीचं रबर सोडलं, तेरातल्या सात काड्या बाजूला सारल्या, दुसऱ्या जुड्यांतली एक अख्खी उचलली आणि सव्वीस म्हणाली. हातचा घेणं म्हणजे काय, ते रबर सोडण्याच्या त्या क्षणात होतं.

गुरुजींचं साहित्य फुकट होतं आणि आमच्यापेक्षा सरस होतं. मग आमचं काम काय उरलं? यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं. साठपर्यंत पट असला की कायद्याने शिक्षक दोन. म्हणजे पहिली ते चौथी दोघांनी वाटून घ्यायची, एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला कामाला लावायचं, मधेच ऑनलाइन माहिती भरायची, निवडणूक आली की तिकडे पळायचं. काड्या तासून, मोजून, बांधून तयार ठेवायला त्यांना वेळ कुठला? तो वेळ आम्ही विकतो. शिकवायचं कसं ते आम्ही विकत नाही, आणि विकू शकतो असा दावा करणाऱ्या कंपन्यांविषयी माझं मत फारसं बरं नाही. तेव्हापासून दशक म्हणजे काड्यांची जुडी, आणि लाकूड रंधलेलं, पण पॉलिश नाही.

धंद्याचं माप त्यातून बदललं. किती शाळांत माल गेला हा आकडा मी आता भिंतीवर लावत नाही. सुट्या वस्तूंची मागणी किती आली ते बघतो. 'चाळीस काड्या आणि रबरं पाठवा' असा मेसेज आला की तिथे वर्ग चालू आहे हे कळतं. ज्या शाळेतून कधीच काही हरवलं नाही, तिथे फोन करतो. अशा पार्सलमध्ये पैसे सुटत नाहीत, कुरिअरचा खर्चच जास्त होतो. पॅकिंगला असलेल्या ताई मला दर महिन्याला हे ऐकवतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण दुसरी मोठी ऑर्डर येते ती याच शाळांतून.

पैसा येतो कुठून, हेही सांगायला हवं. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान. त्यातच वीजबिल, खडू, डागडुजी. त्यामुळे छोट्या शाळेची खरेदी बऱ्याचदा ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी किंवा शिक्षकांच्या खिशातून होते. सरकारी मोठी खरेदी मार्चमध्ये, म्हणजे वर्ष संपताना. जूनमध्ये आलं असतं तर त्याच मुलांना उपयोग झाला असता. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असं २००६ चा कायदा सांगतो. आम्ही तो छापून ऑफिसात लावला आहे. कंपन्यांच्या सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेले, पैसे वेळेवर येतात, पण त्यांचा पहिला प्रश्न लोगो कुठे येणार हा असतो. काडीवर लोगो बसत नाही, म्हणून पिशवी मोठी करावी लागली.

कोविडमध्ये शाळा बंद, आम्हीही बंद. जुन्या बाकांच्या दुरुस्त्यांवर तग धरला. त्यानंतर निपुण भारत आलं. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या या अभियानाचं लक्ष्य २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता आणि साधी गणितं करता यावीत, हे आहे. लक्ष्य नेमकं आहे, आणि पहिल्यांदाच मोठी चर्चा इमारतींऐवजी वजाबाकीवर आली याचं मला मनापासून बरं वाटलं. पण मुलांना वाचन-गणित किती येतं ते तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. २०१८ मध्ये हा आकडा २७.९ होता. वाढ आहे, पण या गतीने किती पिढ्या जातील त्याचा भागाकार ज्याचा त्याने करावा.

म्हणून सध्या आम्ही भागाकारावर काम करतोय. सहाशे बारा भागिले तीन, यात दोनशे चारमधलं मधलं शून्य मुलं खाऊन टाकतात आणि चोवीस असं उत्तर देतात. वाटणी खरी करायला लावली तर शतकाची जुडी कशी दिसावी, ती सोडताना शंभर काड्या बाकावर पसरू नयेत म्हणून काय करावं, यावर शिक्षकांशी वाद चालू आहेत. एक बाई म्हणतात नोटा वापरा, मुलांना सुट्टे करणं बरोबर कळतं. मला त्यांचं पटत चाललंय, म्हणजे लाकडाचं काम आणखी कमी होणार.

मागच्या महिन्यात एक निविदा भरली. नमुन्यात लिहिलं होतं, 'लाकडी पेटी, कुलूप लावता येईल अशी.' दर लावला, कडी-कोयंडा बसवला. कुलूप द्यावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं, ते आम्ही दिलं नाही.