टाहोवर कोकानी : मासा लागतो, होडीत येत नाही

अमेरिकेत कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोवर कोकानी सामन गरवायला निघालात की जो-तो आमिषाचा रंग सांगतो. गुलाबी लावा, केशरी लावा, ढगाळ असेल तर हिरवा. सामानाच्या दुकानात यावर तास जातो आणि पिशवी भरते. रंग चुकला तरी मासा लागतो. तो सुटतो शेवटच्या वीस फुटांत, होडीच्या मागच्या कडेशी, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ऑगस्टमधल्या आमच्या फेरीत गेलेले बहुतेक मासे तिथंच गेले, म्हणून आधी तेच.

कोकानी म्हणजे समुद्राचं तोंडही न पाहणारा सॉकाय सामन. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे आमिषावर येतो तो भुकेपेक्षा चिडून. त्याच्या तोंडाची कड ओल्या कागदासारखी फाटते. मालवण-मुरूडला सुरमईसाठी ट्रोलिंग (चालत्या होडीमागे आमिष ओढणं) केलेल्यांना इथे हाताची सवय मोडावी लागते: घट्ट ड्रॅग (रिळाचा ब्रेक), जोराचा झटका, भरभर ओढणं, तिन्ही बाद.

सुरुवात डाउनरिगरच्या क्लिपपासून. डाउनरिगर म्हणजे तारेला टांगलेला जड गोळा, तो आमिष खोल नेतो; क्लिप दोरीला त्याच्याशी धरून ठेवते. दोरी क्लिपच्या जबड्यात खोल खुपसू नका, अगदी टोकाशी पकडा. बोटांनी हलका हिसका दिला की सुटली पाहिजे. क्लिप घट्ट असेल तर बारा इंचांचा मासा ती सोडवू शकत नाही. तो मागे फरफटत राहतो, वर कुणाला पत्ता नसतो आणि गरीचं भोक मोठं होत जातं. काठीचं टोक बारीक मान डोलावताना दिसलं की दोरी स्वतः क्लिपमधून काढा. काही दिसलं नाही तरी वीस मिनिटांनी वर काढून बघाच.

काठी सात ते साडेसात फुटांची, लवचिक. क्लिप लावल्यावर ती चांगली वाकलेली हवी, म्हणजे मासा लागून क्लिप सुटताच ती सरळ होताना ढील स्वतःच खाते. वेगळा झटका द्यायचा नाही, फक्त उरलेली ढील झटपट गुंडाळायची. रिळावर आठ-दहा पौंडी साधा मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉन. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, ताणली जात नाही, तोंड फाडते. ड्रॅग इतका सैल की दोन बोटांनी दोरी सहज निघावी. डॉजर म्हणजे आमिषाच्या पुढे डुलणारी चकचकीत पट्टी. डॉजरच्या पुढे रबरी स्नबर, म्हणजे धक्का खाणारा लवचिक तुकडा, लावायचा की नाही यावर वाद घालणारे भेटतील. लावा.

मासा होडीजवळ आला की लोक इंजिन बंद करतात. तिथेच घात होतो. होडी थांबली की डॉजर खाली बुडतो, दोरी ढिली पडते, कोकानी गिरकी घेतो आणि गरी निसटते. होडी सरळ आणि हळू चालूच ठेवा. काठी बाजूला आडवी धरा, उंच उभी नको. त्याचं डोकं पाण्याबाहेर ओढलंत की तो उसळ्या मारणार. लांब दांड्याची जाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि डोक्याकडून त्याला तिच्यावर आणा. जाळी घेऊन माशामागे धावायचं नाही. डॉजर काठीच्या टोकाला पोचला की पुढे गुंडाळता येत नाही, म्हणून जाळीवाला माणूस वेगळा हवा. एकट्याने जाणार असाल तर लीडर, म्हणजे डॉजर आणि गरी यांमधली दोरी, आखूड ठेवा.

बाकीचं सोपं आहे. चार-पाच इंची डॉजर, मागे आठ ते बारा इंचांवर छोटा हूची, म्हणजे झालरीचं मऊ प्लास्टिकचं आमिष. हूचीला स्वतःची हालचाल नसते, ती डॉजरकडून मिळते, म्हणून लीडर लांबला की तो मेल्यासारखा येतो. फिरकी असेल तर लांब चालतो. प्रत्येक गरीला पांढऱ्या शूपेग (बारीक, लांबट दाण्याच्या) मक्याचा एकेक दाणा, ट्यूना तेलात किंवा लसणीच्या अर्कात मुरवलेला, गरीचं टोक उघडं. सनस्क्रीन किंवा पेट्रोल लागलेल्या हाताने दाण्याला शिवू नका.

पाणी 50 ते 54 अंश फॅरनहाइटचं शोधा. उन्हाळ्यात पहाटे 50-60 फुटांवर, ऊन चढलं की 80-100. सोनारवर दिसणाऱ्या थव्याच्या पाचेक फूट वर गोळा ठेवा, कारण कोकानी वर बघून येतो. खोलवर आठ पौंडी गोळा मागे झुकतो आणि खोलीचा आकडा खोटा पडतो, तेव्हा दहा-बारा पौंडी घ्या. वेग जीपीएसवर ताशी 1 ते 1.4 मैल. नागमोडी चालवा: वळताना बाहेरची काठी वेग घेते, आतली मंदावते. कुठल्या काठीला मासा लागतो त्यावरून वेग वाढवायचा की घटवायचा ते कळतं.

हे सगळं वारा सुटेपर्यंत. उन्हाळ्यात दुपारकडे नैऋत्येचा वारा उठतो, वाऱ्याच्या दिशेने होडी ताशी दोन मैलांच्या वर पळते आणि विरुद्ध जाताना नाक भरकटतं. ड्रिफ्ट सॉक (होडीला मंदावणारी पाण्यातली कापडी पिशवी) टाकून थोडा वेळ निभावतं. भाड्याची दुपारची फेरी सकाळच्याच भावात विकतात, म्हणून ती फुकट दिली तरी घेऊ नका. दर माणशी की होडीचा, काठ्या किती, इंधनाचा अधिभार, मासे साफ करण्याचे पैसे, हे लेखी विचारा. धक्क्यावर उतरल्यावर हा हिशेब अचानक फुगतो, आणि वर पंधरा-वीस टक्के टिप गृहीत धरलेली असते. परवाना बहुतेकदा तुमचाच लागतो.

स्वतःची होडी नेणार असाल तर होडीला चिकटून येणाऱ्या परक्या शिंपल्यांसाठीची तपासणी सक्तीची आहे. मायर्स किंवा स्पूनर समिटच्या नाक्यावर आदल्या दिवशीच उरका, आगाऊ वेळ घेऊन. पहाटे पाचला तपासायला कुणी बसलेलं नसतं. बिल्जमध्ये (होडीच्या तळाच्या पोकळीत) ओंजळभर पाणी सापडलं तरी गरम पाण्याची धुलाई आणि तिचे पैसे. तळाची बुचं काढून, स्पंजने पुसून, कोरडी करून न्या. सरोवर 6,225 फुटांवर आहे. कार्ब्युरेटरचं छोटं इंजिन तिथे हवा कमी पडून गुदमरतं, मंद वेगावर प्लग काळे होतात. जादा प्लग आणि पाना खिशात ठेवा.

1960च्या दशकात सोडलेल्या मायसिस कोळंबीने इथला डॅफ्निया हा सूक्ष्म पाण्यातला जीव फस्त केला, आणि तोच कोकानीचा आवडता घास. मोठ्या माशाची आशा धरून येऊ नका. केव्ह रॉकच्या धक्क्याची गाडीतळाची जागा सूर्योदयाआधी भरते, एवढं मात्र पक्कं.

मासा होडीत आला की लगेच कल्ला कापून रक्त काढा आणि बर्फ-पाण्यात टाका. नुसत्या बर्फावर ठेवलेला दुपारपर्यंत मऊ पडतो. कातडी काढू नका, रवा लावून तळताना तुकडी तिच्याच आधाराने टिकते. कालवणात शेवटी पाच मिनिटं, जास्त नको. सप्टेंबरअखेरीस नर लाल होऊन पाठीला कुबड येतं, मांस फिकं पडतं, तो खाण्यात राम नाही. ऑक्टोबरात सरोवराला मिळणाऱ्या टेलर क्रीक या ओढ्यात अंडी घालायला आलेल्या कोकानींची गर्दी काठावरून दिसते, तिथे काठी घरीच ठेवून जा.